किप्पूरचा उपास धरावा कसा आणि सोडावा कधी

दरफाळणीचा सण आठवड्यावर आला की ठाण्याहून, पनवेलहून फोन यायला लागतात. मावशी, पाणी चालतं का? दात घासायचे का? बीपीची गोळी बंद करू का? पोरगी दहा वर्षांची आहे, हट्ट करतेय, धरू देऊ का? प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहूनच ठेवते. ज्यांना हा सण ठाऊक नाही त्यांच्यासाठी: हा ज्यूंचा योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस. आम्ही कोकणातले बेने इस्राएल. आमच्या आज्या-पणज्या त्याला दरफाळणी म्हणायच्या, कारण त्या दिवशी पांढरे कपडे घालून, दारं लावून बसायचं, बाहेरच्या कुणाला शिवायचं नाही. माझा जन्म अलिबागचा. लग्नानंतर इस्राएलात लोद गावी आले. इथे मराठी बोलणारी आमची बरीच घरं आहेत, पण प्रश्न तिथलेच आणि इथलेही तेच.

एक गोष्ट आधी पक्की करा. हा एकादशीसारखा उपास नाही. साबुदाणा नाही, वरई नाही, रताळं नाही, पाण्याचा थेंबही नाही. पण ज्या कायद्याने तो एवढा कडक केला, त्याच कायद्याने त्याला चारी बाजूंनी कुंपण घातलंय, आणि लोक नेमकं तेच विसरतात. ज्यांना उपास वाढवायची हौस आहे त्यांनी पुढचं जरा सावकाश वाचावं.

तोरात, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांत, वर्षाचा ठरवून दिलेला उपास एकच: सातव्या महिन्याची दशमी. लेवीयच्या १६ व्या आणि २३ व्या अध्यायात तो आहे, गणनाच्या २९ व्यात पुन्हा. हुकूम असा की त्या दिवशी आपला जीव कष्टवा आणि कसलंही काम करू नका. देशी असो की तुमच्यात राहणारा परका. जो जीव कष्टवणार नाही तो आपल्या लोकांतून तोडला जाईल. 'जेवू नका' हे शब्द मात्र त्यात कुठेही नाहीत.

मग जीव कष्टवायचा कसा? उन्हात बसून? थंडीत कुडकुडून? तलमूद, म्हणजे धर्मपंडितांच्या चर्चांचा आमचा जुना ग्रंथ, त्यातल्या पंडितांनी हा प्रश्न अगदी अस्साच विचारलाय. त्यांचं उत्तर मला फार आवडतं. हुकमात कष्ट आणि काम एकाच दमात सांगितलेत. काम न करणं म्हणजे स्वस्थ बसणं. तर मग कष्टही स्वस्थ बसूनच. अंगाला काही करून घ्यायचं नाही, रोजचं काहीतरी सोडायचं. आणि काय सोडायचं, तेही त्यांनी शास्त्रातूनच काढलं: अनुवाद नावाच्या, पाचांतल्या शेवटच्या पुस्तकाच्या ८ व्या अध्यायात मोशे म्हणतो, देवाने तुला रानात कष्टवलं आणि भुकेलं ठेवलं. कष्ट आणि भूक ही जोडी तिथे सापडली.

अंगावर वार करून घेणं तर अनुवादच्या १४ व्या अध्यायात साफ मना आहे. कर्मेल डोंगरावर सुऱ्या-भाल्यांनी स्वतःला रक्तबंबाळ करून घेत होते ते बआल या परक्या देवाचे पुजारी. आपला एलियाहू हनाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, ज्याच्या रथाच्या खुणा अलिबागजवळ सागावच्या कातळावर आपले लोक दाखवतात, तो बाजूला उभा राहून त्यांची थट्टा करत होता.

आता प्रत्यक्ष. तिथी तिश्री महिन्याची दशमी, चांद्र महिन्याचीच, त्यामुळे कधी कधी ती आणि दसरा एकाच दिवशी येतात. २०२५ साली २ ऑक्टोबरला तसं झालं. सोनं वाटायला आलेल्या शेजाऱ्यांना दार का बंद आहे हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पण उपास दशमीच्या सकाळी सुरू होत नाही. 'नवमीच्या संध्याकाळपासून संध्याकाळपर्यंत' असं लेवीयात स्पष्ट आहे. सूर्य मावळायच्या आत शेवटचा घास, आणि दुसऱ्या रात्री चांदण्या दिसल्यावर सुटका. साधारण २५ तास.

नवमीला नीट जेवा. हा माझा लाडाचा सल्ला समजू नका, तलमूदच तसं सांगतो: जो नवमीला खातो-पितो, त्याने नवमी आणि दशमी दोन्ही दिवस उपास केला असं धरलं जातं. म्हणजे 'आदल्या दिवसापासूनच पोट हलकं ठेवते' म्हणणारीला कायद्याकडून शाबासकी नाही. मी मऊ भात, मुगाचं वरण, एखादी भाजी आणि कोंबडीचा पातळ रस्सा करते, नारळाच्या दुधातला, तिखट नावापुरतं. मीठ बेताचं. लोणचं, पापड, सुकट त्या दिवशी शिंक्यावरच राहू दे, नाहीतर रात्री दहालाच घसा कोरडा पडेल. पाणी दुपारपासून थोडं थोडं पीत राहा. शेवटच्या पाच मिनिटांत तांब्याभर रिचवून उपयोग नसतो. आणि चहा चार-पाच दिवस आधीपासून कमी करत आणा. किप्पूरच्या दुपारी जे डोकं ठणकतं ते बहुतेकींचं चहापायी ठणकतं, भुकेपायी नाही.

जेरुसलेमचं मंदिर उभं होतं तेव्हा महायाजकालाही, म्हणजे मंदिराच्या मुख्य पुजाऱ्यालाही, आदल्या दिवशी जेवायला देत, पण संध्याकाळ झाली की जास्त नाही, कारण भरल्या पोटी झोप येते आणि त्या रात्री त्याने झोपायचं नसे. डुलकी लागलीच तर तरुण याजक त्याच्यासमोर चुटक्या वाजवत आणि म्हणत, उठा, थंड फरशीवर उभे राहा. दुसऱ्या दिवशी तो माणूस उपाशीपोटी पाच वेळा पाण्यात बुडी मारायचा, दहा वेळा हातपाय धुवायचा, बोकडांवर चिठ्ठ्या टाकायचा, धूप घेऊन एकटा परमपवित्र स्थानात, म्हणजे मंदिराच्या गाभाऱ्यात, जायचा. बाकीची जनता स्वस्थ बसलेली आणि सगळ्यांच्या वतीने राबणारा तो एक. इसवी सन ७० मध्ये रोमन लोकांनी मंदिर पाडलं, तेव्हापासून यातला आपल्या हातात राहिला तो उपास आणि प्रार्थना.

सोडायच्या गोष्टी पाच, मिश्नात, म्हणजे तलमूद ज्यावर उभा आहे त्या जुन्या नियमग्रंथात, ओळीने दिल्यात: खाणं-पिणं, आंघोळ, अंगाला तेल, पायात चप्पल आणि नवरा-बायकोचा संग. आंघोळ आदल्या संध्याकाळीच उरकून घ्या. सकाळी उठल्यावर बोटं पेरांपर्यंत धुवायची, डोळ्याला चिपडं असेल तर तेवढं पुसायचं. दात घासणं, चूळ भरणं नको. तेल म्हणजे खोबरेलही आणि बाटलीतलं महागडं क्रीमही. चपलेत मनाई चामड्याची. अलिबागला आम्ही रबरी सपाता घालून मशिदीत जायचो (सिनेगॉगला आमच्यात मशीदच म्हणत). इथे लोदला पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले आजोबा पायात हिरवे-निळे क्रॉक्स घालून चाललेले दिसतात. पहिल्या वर्षी मला हसू आवरेना. कायद्यातले अपवादही वाचण्यासारखे आहेत: राजाने आणि नव्या नवरीने तोंड धुतलं तरी चालेल, बाळंतिणीने पायात घातलं तरी चालेल, असं रब्बी (धर्मगुरू) एलिएजर म्हणतात. नवरीचं तोंड मलूल दिसू नये एवढी काळजी त्या कडक दिवसाच्या मधोमध कुणीतरी केली.

माप सुद्धा ठरलेलं आहे. बियांसकट मोठ्या खजुराएवढं खाल्लं किंवा गालभर प्यायलं की पूर्ण दोष लागतो. त्याहून कमी खाणंही मनाच, पण शिक्षा त्या मापापासून. निरोग्याला या मापाशी काही घेणं नाही. ते आजाऱ्याच्या कामाचं, म्हणून आता तिकडे वळते.

गोळी बंद करू का, याचं उत्तर: स्वतःच्या मनाने कधीही नाही. डॉक्टरला आठवडाभर आधी विचारा. मधुमेह, हृदय, मूत्रपिंड, गरोदरपण, अंगावर पिणारं बाळ, यातलं काहीही असेल तर डॉक्टर आणि रब्बी दोघांनाही. मिश्ना म्हणते, आजाऱ्याला जाणकारांच्या सांगण्यावरून खाऊ घाला. जाणकार नसतील तर तो स्वतः 'पुरे' म्हणेपर्यंत. तलमूद आणखी पुढे जातो: वैद्य म्हणतो गरज नाही आणि आजारी म्हणतो मला हवंय, तर आजाऱ्याचं ऐकायचं. कारण नीतिसूत्रांत म्हटलंय, हृदयाचं दुःख हृदयालाच ठाऊक. गरोदर बाईला अन्नाचा वास येऊन जीव कासावीस झाला तर तिचा जीव परत ताळ्यावर येईपर्यंत तिला द्यायचं. भुकेने एखाद्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली तर हाताशी असेल ते भरवा, अशुद्ध असलं तरी, डोळ्यांत तेज येईपर्यंत. कमी जोखमीच्या आजाऱ्याला खजुराच्या मापाखाली थोडं थोडं, मध्ये थांबून थांबून देता येतं. किती आणि किती वेळाने, ते त्याच दोघांकडून लिहून घ्या.

आमच्या ओळखीतल्या एक बाई साखरेच्या आजारात हट्टाने निर्जळी करायच्या आणि दुपारी घेरी येऊन पडायच्या. घरचे कौतुकाने सांगायचे, केवढी भक्ती. मला ते कौतुक कधी पटलं नाही. खायला सांगितलेल्याने खाल्लं तर त्याने कायदा पाळला. उपाशी राहिला तर मोडला. यात मधलं काही नाही.

पोरांचं सोपं आहे. मुलगी बारा पूर्ण, मुलगा तेरा पूर्ण झाल्यावर पूर्ण उपास. त्याआधी एक-दोन वर्षं सवय लावायची, म्हणजे नाश्ता आठऐवजी दहाला, मग बाराला. दहा वर्षांच्या पोरीला म्हणावं, सकाळचा चहा-बिस्कीट सोड, एवढंच. तिच्या वर्गातली दुसरी कोणी धरतेय म्हणून नको.

उपासाआधीचं सगळ्यात अवघड काम स्वयंपाकघरात नाही. मिश्नात सरळ लिहिलंय: माणूस आणि देव यांच्यातल्या पापांचं प्रायश्चित्त हा दिवस करतो, माणसामाणसांतल्या पापांचं करत नाही, जोवर तुम्ही त्या माणसाची समजूत काढत नाही. आणि 'आधी पाप करतो, मग किप्पूर आहेच' म्हणणाऱ्याचं तर होतच नाही. म्हणून आदल्या दिवशीपर्यंत फोन करायचे, दारी जायचं. घोळक्याला एकच निरोप धाडून 'सर्वांची क्षमा मागते' म्हटलं की झालं, असं समजू नका. ज्याला दुखावलं त्याला नाव घेऊन. अलिबागला माझी आई नवमीच्या सकाळी आमच्या नेहमीच्या कोळणीकडे जायची. "बाय, वर्षभर घासाघीस केली, तोंडातून वाकडं गेलं असेल तर पोटात घाल." कोळीण पाटीवरची माशी हाकत म्हणायची, "पुढल्या वर्षीपण करशील गो, मी काय नवी हाय?" आणि आईच्या पिशवीत दोन बांगडे फुकट टाकायची. आई पैसे द्यायला बघायची आणि तिथेच पुन्हा वाद सुरू.

दिवस कसा घालवायचा? प्रार्थना जवळजवळ दिवसभर चालते, तेव्हा घालवावा लागत नाही. ज्यांना उभं राहवत नाही त्यांनी बसावं. पडून राहिलात तरी चालेल, पण फोन, टीव्ही, हिशेब, आवराआवर काही नको. काम न करणं हा अर्धा हुकूम आहे हे बायका विसरतात आणि रिकामा वेळ मिळाला म्हणून कपाट काढायला बसतात. लोदच्या शेजारीच बेन गुरिओन विमानतळ आहे. एरवी आमच्या डोक्यावरून विमानं जातच असतात. किप्पूरला विमानतळ बंद, रस्त्यावर गाडी नाही, आणि महामार्गावर पोरं सायकली घेऊन सुटलेली.

सकाळच्या वाचनात यशयाचा उतारा येतो, ५८ व्या अध्यायातला, आणि तो ऐकताना झोपू नका. लोक देवाकडे तक्रार करतायत: आम्ही उपास केला, तुझं लक्ष का नाही? आणि संदेष्टा उत्तर देतो: उपासाच्या दिवशी तुम्ही आपला धंदा बघता, कामकऱ्यांना राबवून घेता, भांडता, मुठी उगारता. लव्हाळ्यासारखी मान वाकवायची, गोणपाट आणि राख पसरायची, याला उपास म्हणता? मला हवा तो उपास म्हणजे अन्यायाच्या बेड्या सोडा, आपली भाकर भुकेल्याला वाटून द्या, उघड्याला पांघरूण द्या. आता विचार करा, हा उतारा निवडला कोणी? ज्यांनी उपासाचे नियम खजुराच्या मापापर्यंत घासून-पुसून लिहिले त्याच पंडितांच्या परंपरेने, आणि ठेवलाही कुठे, तर उपासाच्याच सकाळी, सगळे उपाशी पोटी बसलेले असताना.

उपास म्हणजे आपोआप पुण्य, या समजुतीवर शास्त्राचा विश्वास नव्हताच. ईजबेल राणीला नाबोथाचा द्राक्षमळा हडपायचा होता तेव्हा तिने काय केलं? गावात उपास जाहीर केला, नाबोथाला मानाच्या जागी बसवलं, समोर दोन खोटे साक्षीदार आणून बसवले आणि त्याला दगडमार करून मारवलं. दुपारी योनाची गोष्ट वाचतात. त्यात निनवे शहराचे लोक उपास करतात, गोणपाट नेसतात, गुराढोरांनाही उपाशी ठेवतात. पण दुष्काळातल्या सामुदायिक उपासाला वडीलधारा लोकांपुढे उभा राहून काय म्हणे, तेही मिश्नात आहे: 'देवाने निनवेकरांचं गोणपाट आणि उपास पाहिला' असं लिहिलेलं नाही, 'त्यांची कृत्यं पाहिली, की ते वाईट वाटेवरून वळले' असं लिहिलंय.

आता खासगी नवसाच्या उपासाबद्दल, कारण 'नोकरी लागली तर दर सोमवारी उपास करीन' असं बोलून बसलेल्या दोघी तरी दरवर्षी विचारतात. तोराचा सल्ला: बोलायच्या आधी विचार करा, कारण बोललेलं बांधतं. गणनाच्या ३० व्या अध्यायात जीव कष्टवायच्या नवसांचा वेगळा कायदाच आहे. विधवेचा आणि टाकलेल्या बाईचा नवस तिच्यावर कायम. बापाघरच्या तरुण मुलीचा नवस बाप, आणि लग्न झालेलीचा नवरा, ज्या दिवशी ऐकेल त्या दिवशी मोडू शकतो. हे वाचताना मला राग येतो, लपवत नाही. माझ्या तोंडचा शब्द मोडायला दुसऱ्याची परवानगी का? पण एक पाहा. नवऱ्याने त्या दिवशी गप्प राहून मागाहून मोडला, तर दोष त्याच्या माथी. आणि ज्या घरात बाई रागाने किंवा धाकाने स्वतःला उपाशी मारायचा पण करते, त्या घरात कुणीतरी आजच्या आज 'हे नको' म्हणावं, एवढी तरी तजवीज झाली. आज असा नवस गळ्यात पडला असेल तर रब्बीकडे जा. तो सोडवायची रीत आहे.

नाजीराचं उदाहरण याच्याच शेजारचं. गणनाच्या ६ व्या अध्यायात, जो स्वखुशीने नाजीर होतो त्याने दारू सोडायची, द्राक्षं, मनुका, सालं-बियासुद्धा. केस कापायचे नाहीत. प्रेताजवळ जायचं नाही. किती दिवस ते बोलला नसेल तर ३० दिवस. मुदत संपल्यावर इतर अर्पणांबरोबर पापार्पणही आणायचं. पाप कसलं? एका पक्षाचं म्हणणं, त्याने स्वतःला दारूपासून वंचित ठेवलं हेच पाप, आणि नुसती दारू सोडणारा पापी तर सगळंच सोडणारा किती मोठा! दुसरा पक्ष म्हणतो, तोरा त्याला पवित्र म्हणते, तुम्ही पापी कसं म्हणता. दोन्ही मतं तलमूदात शेजारी शेजारी आहेत. मी पहिल्या पक्षाची. द्राक्षं देवाने कुणासाठी केली?

बाकीचे उपास आठवणीचे. जखऱ्या संदेष्टा चौथ्या, पाचव्या, सातव्या आणि दहाव्या महिन्यातल्या चार उपासांची नावं घेतो, बाबेलच्या लोकांनी जेरुसलेम पाडलं त्या दिवसांचे. त्यातला पाचव्या महिन्याचा आपल्याकडे बिरड्याचा रोजा, म्हणजे उपास सोडताना वालाचं बिरडं. यातला एखादा शनिवारी आला तर तो पुढे ढकलतात, कारण शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, उपाशी राहायचं नाही. शनिवारी आला तरी धरायचा असा एक किप्पूरच.

आणि दुष्काळाचे. पाऊस लांबला की आधी पंडित तीन उपास करत, मग सगळा गाव, मग जास्त कडक. त्यातला एक किस्सा माझ्याच गावचा, मिश्नातला. लोदमध्ये उपास पुकारला आणि दुपार व्हायच्या आत पाऊस कोसळला. आता काय, ठरवलेला उपास संध्याकाळपर्यंत ओढायचा? रब्बी तार्फोन म्हणाले, जा, खा, प्या आणि सण करा. लोक घरी गेले, जेवले, आनंद केला, आणि संध्याकाळी येऊन स्तुतिगीत म्हटलं. दावीद राजाही तसाच: मूल आजारी होतं तोवर जमिनीवर पडून उपाशी राहिला, गेल्याचं कळताच उठला, न्हाला, जेवायला बसला. चाकर चक्रावले. तो म्हणाला, जिवंत होतं तोवर कदाचित देव दया करील म्हणून धरला. आता कशाला धरू?

किप्पूरचा उपास मात्र शोफार वाजल्याशिवाय, म्हणजे शिंग फुंकल्याशिवाय संपत नाही. वाजल्यावर उगाच ताणू नका. आधी साधं पाणी, दोन घोट, थांबून आणखी दोन. मग मनुकांचं सरबत. मनुका नवमीलाच भिजत घाला, म्हणजे रात्री फक्त कुस्करून गाळायचं राहतं. अर्ध्या तासाने भात-वरण. पुऱ्या-वड्यांची घाई नको, पोट रुसतं. दुसरा दिवस आपल्याकडे शिळा सण: दानधर्म आणि भेटीगाठी. घरातल्या जेवढ्या माणसांनी उपास धरला त्यांच्या एका दिवसाच्या जेवणाचे पैसे नवमीलाच पाकिटात घालून ठेवा आणि सकाळी पहिल्यांदा ते द्या. मग पाहुण्यांना चहा टाका.